देवाचा मान आणि ग्रामसभेचा कोरम



चैत्र लागला की आपल्या डोंगरात संघटनेची बैठक लागत नाही. जुने कार्यकर्ते सांगायचेच, की शिमग्यापासून अक्षय तृतीयेपर्यंत माणूस देवाकडं असतो, त्याला कागदाकडं बोलावू नका. एका वाडीची जत्रा संपते तोवर दुसरीची पालखी निघते. सासनकाठ्या, ढोल, वर्गणीची वही, मुंबईहून आलेली पोरं. यात चुकीचं काहीच नाही. वर्षभर रानात आणि कंपनीत राबणारं गाव चार दिवस एका जागी येतं ते याच निमित्तानं.

पण या अंकात देवाबद्दलच लिहावं लागतंय, कारण एका गावच्या सामूहिक वनहक्काच्या दाव्याची फाईल देवळाच्या पायरीवर अडकली. गावाचं नाव छापत नाही. पाटण तालुक्याच्या डोंगरातलं गाव आहे एवढं पुरे. वाचताना पुष्कळांना आपलंच गाव आठवेल.

त्या गावात गावठाणात मराठा-कुणबी, वर सड्यावर दोन धनगरवाडे, ओढ्याकडं कातकऱ्यांची वस्ती, खालच्या अंगाला बौद्ध वस्ती आणि चावडीमागं मुलाण्यांची चार घरं. दाव्याचा ठराव करायला ग्रामसभा बोलावली होती. सगळी तयारी झाली होती, नकाशा काढला होता. माणसं मोजली तर कोरमला नऊ कमी. संध्याकाळपर्यंत वाट बघितली, मग सभा उठली.

नऊ माणसं कुठं गेली? कुठंच नाही, घरातच होती. आम्ही दुसऱ्या दिवशी घरोघर फिरलो तेव्हा कळलं. जत्रेच्या बैठकीत घरटी वर्गणी ठरली होती. बौद्ध वस्तीतल्या लोकांनी सांगितलं, "रस्त्याला, पाण्याला, शाळंला मागा, देऊ. जत्रंला देणार न्हाई. आमी तो धर्म सोडलाय." त्यावर कुणीतरी बोलून गेलं, "मग देवळात पाय ठेवू नका." आणि ग्रामसभा कुठं ठेवली होती? त्याच देवळाच्या सभामंडपात!

मुलाण्याचं दुखणं वेगळं. पिढ्यान् पिढ्या त्या गावच्या जत्रेचं बकरं मुलाण्याच्या सुरीखाली जातं. तो त्याचा मान. यंदा मोबाईलवर काहीबाही बघून आलेल्या पोरांनी निरोप धाडला, "औंदा तुमची सुरी नको." म्हातारा आम्हाला म्हणाला, "सुरीचं काय घेऊन बसलाय, दुसऱ्यानं कापलं तरी बकरं मरतंयच. पण गावानं मला गावातनं काढलं. मग गावाच्या सभंला मी कोण म्हणून येऊ?"

आणि कातकरी वस्तीला तर कुणी बोलावलंच नव्हतं. जत्रेलाही नाही आणि सभेलाही नाही. त्यांचा वाघदेव रानात, त्यांची पुजा रानात. गावाच्या वहीत त्यांचं नाव फक्त मजुरीच्या पानावर.

हा एका गावचा किस्सा म्हणून सोडून देऊ नका. एकापेक्षा जास्त धर्म, पंथ, देव असलेल्या गावात माणसं धर्मकर्मात भाग कशी घेतात आणि कधी घ्यायची बंद होतात, हा प्रश्न आपल्या जमिनीचा आहे.

या प्रश्नावर अमेरिकेतले अभ्यासक वर्षानुवर्षं भांडले. एका बाजूचं म्हणणं, बाजारात दुकानं जास्त असली की गिऱ्हाईक जास्त येतं, तसे धर्म जास्त असले की माणसं देवाकडं जास्त वळतात. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, चार जण चार गोष्टी सांगायला लागले की माणसाचा कशावरच भरवसा राहत नाही, तो घरी बसतो. २००१ साली दोघा अभ्यासकांनी तोवरचे सगळे अभ्यास चाळले आणि सांगितलं, असा सरसकट नियम कुठलाच निघत नाही.

आपल्या गावकऱ्याला हा वाद सांगितला तर तो हसेल. त्याच्यासाठी देव म्हणजे दुकान नव्हे. तो बिरोबाला जातो, पिराला नारळ फोडतो, आषाढात पंढरीची वाट धरतो. हे सोडून ते धर, असं तो करत नाही. आपल्याकडं माणूस धर्मकर्मात येतो तो मानानं. पालखीचा खांदा कुणाचा, पहिला नारळ कुणाचा, दिवटी कुणाची, ढोल कुणाचा, बकरं कुणी कापायचं, लाकूड कुणी आणायचं. मान म्हणजे नुसता सन्मान नव्हे, मान म्हणजे अंगावर घेतलेलं काम. ज्याच्याकडं काम आहे तो येतो. काम काढून घेतलं की तो बघ्या होतो, आणि बघ्या पुढच्या वर्षी येत नाही.

आपल्याच दोन जिल्ह्यांत बघा.

वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीत गणपती मशिदीत बसतो. १९६१ साली मोठा पाऊस झाला, मूर्ती भिजायला लागली, तेव्हा मुसलमानांनीच सांगितलं की मशिदीत आणा. १९८० पासून मंडळाचा गणपती दहा दिवस मशिदीतच बसवतात. पुजेची, प्रसादाची तयारी दोघं मिळून करतात. मुसलमानांचं वर्ष आपल्या वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून त्यांचे सण फिरत फिरत कधी ना कधी आपल्या सणांवर येतात. एकदा बकरी ईद गणपतीत आली, तर तिथल्या मुसलमानांनी नमाज पढली आणि कुर्बानी केली नाही. त्यांच्यावर कुणी बळजबरी केली नव्हती, म्हणून त्या गोष्टीला किंमत आहे.

कडेगावचा मोहरम सगळ्या सांगली जिल्ह्याला माहीत आहे. बांबूचे ते उंचच उंच ताबूत माणसं खांद्यावर घेतात. त्यातल्या काही ताबूतांचा मान हिंदू घरांकडे आहे. आणि कडेगाव कशाला, आपल्या भागात अशी गावं आहेत जिथं मुसलमानाचं एकही घर नाही, पण पीर बसतो आणि पंजा पाटलाच्या घरचा माणूस धरतो.

मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याचा उरूस भरतो. तिथं पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. ज्या समाजाला देवळाच्या पायरीला हात लावू दिला जात नव्हता, त्याचा मान दर्ग्यात पहिला. त्याच दर्ग्याच्या आवारात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या नावानं गाणं होतं, आणि ऐकायला सगळ्या धर्मांचे लोक बसतात. त्याच मिरजेत १८९४ पासून मिशनचा दवाखाना आहे, आसपासच्या गावांत जैन आहेत, लिंगायत आहेत. म्हणजे धर्म जास्त म्हणून देवाकडं माणसं कमी, असं तिथं दिसत नाही. उलट प्रत्येकाला दुसऱ्याच्या देवाकडं काहीतरी काम आहे.

आता नाण्याची दुसरी बाजू. त्याच मिरजेत २००९ च्या गणेशोत्सवात अफझलखानाच्या वधाच्या चित्राच्या कमानीवरून दंगल झाली. ती सांगली, इचलकरंजीपर्यंत पसरली. पुढच्याच महिन्यात विधानसभेची निवडणूक होती. खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री मोबाईलवरच्या मजकुरावरून जमाव मशिदीवर चालून गेला आणि एका तरुणाचा जीव गेला. गणपती आठवड्यावर आले होते. मिरजेत दर्गा होताच, उरूस होताच, गलेफाचा मानही होता. म्हणजे जुनी रीत आहे म्हणून आपण सुटलो, असं कुणी समजू नये. रीत दरवर्षी नव्यानं पाळावी लागते. आणि एक फरक ओळखा. जत्रेत माणसाला काम असतं, नाव असतं, म्हणून त्याला जबाबदारी असते. जमावात नुसती गर्दी असते. गर्दी वाढली म्हणजे धर्म वाढला, असं नव्हे.

पण नुसतं गोड लिहून भागणार नाही. जुना मान सगळ्यांना सारखा नव्हता. महाराच्या वाट्याला आलेलं काम मान म्हणून सांगितलं जायचं, पण ती वेठ होती. मेलेलं जनावर ओढा, दिवटी धरा, गावाबाहेर उभे राहा. नाही म्हणायची सोय नव्हती. याच साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला भिवा नावाचा मुलगा दाखल झाला. त्यानंच १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसांसह बौद्ध धम्म घेतला. त्यानंतर आपल्याही गावागावांत बौद्धांनी ती कामं टाकली. गाव म्हणालं, यांनी जत्रेतून अंग काढलं. खरं म्हणजे त्यांनी वेठीतून अंग काढलं.

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. ज्याला यायचंय त्याला काम द्या, मान द्या. ज्याला यायचं नाही त्याला जाऊ द्या. पण देवाकडं आला नाही म्हणून गावातून कुणाला काढू नका. जत्रा आणि ग्रामसभा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जत्रेला वर्गणी न देणारा माणूस ग्रामसभेत पुरता माणूस आहे, त्याचं मत पुरतं एक मत आहे.

हे आम्ही पदरचं सांगत नाही. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, तो जुलै २०१७ पासून लागू आहे. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. सणात, रीतीरिवाजात भाग घेऊ न देणं हा जसा बहिष्कार, तसं वर्गणी दिली नाही म्हणून दुकान, पाणी, बोलणं बंद करणं हाही बहिष्कारच.

आता कातकऱ्यांकडं आणि धनगरांकडं या. कातकरी बंधूंना बाहेरून येणारे विचारतात, "तुमचा धर्म कुठला?" जनगणनेत आदिवासी धर्माचा वेगळा रकाना नाही. इंग्रजांच्या वेळी तशी नोंद व्हायची, स्वातंत्र्यानंतर ती गेली. आता कुणी माळ घालतो, कुणी चर्चला जातो, कुणी वाघदेवालाच नारळ ठेवतो. शहरात आवाज उठतोय की ज्यानं धर्म बदलला त्याला आदिवासींच्या यादीतून काढा. ही भीती घालून वस्त्या फोडल्या जातात. तेव्हा नीट ध्यानात घ्या, अनुसूचित जमातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट नाही. आणि २००६ चा वनहक्क कायदा तर कुणालाच धर्म विचारत नाही. तो एवढंच विचारतो, की १३ डिसेंबर २००५ च्या आधी तू या रानावर जगत होतास का?

गवळी धनगर, बौद्ध, मुलाणी, कुणबी हे या कायद्यात इतर पारंपरिक वननिवासी. त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. इथंच आपलं घोडं अडतं. सातबारा वनखात्याच्या नावावर, घरपट्टी कालपरवाची. मग ७५ वर्षं दाखवायची कशी?

आता कायद्याच्या नियमांतला १३ वा नियम बघा. पुरावा म्हणून काय काय चालतं ते तिथं लिहिलंय. जुन्या विहिरी, दफनभूमी, स्मशान, पवित्र जागा, देवाची झाडं, देवराया, तळी हे सगळं चालतं. आणि दावेदार सोडून दुसऱ्या वृद्धांची लेखी साक्षही चालते. एकापेक्षा जास्त पुरावे जोडायचे असतात.

म्हणजे काय झालं बघा. सड्यावरचा बिरोबाचा तांदळा धनगराचा पुरावा. ओढ्याकाठची मढी पुरायची जागा कातकऱ्याचा पुरावा. डोंगराच्या कडंचा पीर मुलाण्याचा पुरावा. खालचं जुनं स्मशान बौद्ध वस्तीचा पुरावा. देवराई सगळ्या गावाचा पुरावा. हे सगळे ठिपके नकाशावर जोडा, गावाची पारंपरिक हद्द आपोआप उभी राहते. त्यातला एक ठिपका पुसला की हद्द तेवढी आत सरकते. आणि धनगराच्या बिरोबाची साक्ष कोण देणार? दावेदार धनगर स्वतः देऊ शकत नाही. सत्तर-ऐंशी वर्षांचा मुलाणी म्हातारा देणार, जो पोरपणी बापाबरोबर त्या जत्रेला बकरं कापायला सड्यावर चढत होता. ज्याची सुरी तुम्ही यंदा नको म्हणालात, तोच तुमच्या देवाचा साक्षीदार आहे!

आणि कोरमचा हिशोब. दाव्याच्या ग्रामसभेला निम्मे सभासद हजर पाहिजेत. हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया पाहिजेत. दाव्याचा ठराव असेल तर दावेदारांपैकी निम्मे तरी पाहिजेत. आपले दोन्ही जिल्हे अनुसूचित क्षेत्रात नाहीत, पेसा इथं लागू नाही. आपल्या हातात वनहक्क कायदा हेच हत्यार आहे, आणि त्याची धार म्हणजे भरलेली ग्रामसभा. वस्ती-वस्तीत फूट पडलेल्या गावाचा कोरम कधीच भरत नाही. हे आपल्याला कळो न कळो, रानातून आपल्याला उठवू बघणाऱ्यांना बरोबर कळतं.

ओडिशातल्या नियमगिरीची गोष्ट पुष्कळ शिबिरांत सांगितली आहे, पण तिचा एक भाग सांगायचा राहतो. डोंगरिया कोंध आदिवासींचा देव नियमराजा त्या डोंगरावर. कंपनीला तिथलं बॉक्साईट पाहिजे होतं. १८ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की लोकांच्या धर्माचा आणि देवाचा हक्क या खाणीनं जातो का, हे ग्रामसभांनी ठरवावं. बारा गावांत सभा झाल्या. बाराही गावांनी खाण नाकारली. त्यातलं इजुरुपा हे गाव म्हणजे एकच घर, आणि तेही आदिवासींचं नव्हे, गौडांचं. सरकारला वाटलं असेल, की बाराच्या ठिकाणी एखादं तरी आपल्याकडं येईल. पण त्या घरानंही नियमराजाचीच बाजू धरली. देव आदिवासींचा, पण साक्ष शेजाऱ्याची. असं असतं तेव्हा कोर्टालाही ऐकावं लागतं.

आता काम. येत्या जत्रांच्या हंगामात प्रत्येक गावच्या वनहक्क समितीनं एवढं करावं:

१) ग्रामसभा देवळात, मशिदीत, विहारात, चर्चमध्ये ठेवू नका. शाळा, चावडी, नाहीतर वडाखाली घ्या. जिथं प्रत्येकाला पाय ठेवता येईल तीच गावाची जागा.

२) जत्रेची वही आणि गावकामाची वही वेगळी ठेवा. जत्रेची वर्गणी खुशीची. रस्ता, पाणी, दाव्याच्या कागदांचा खर्च सगळ्यांचा.

३) ज्याचा जुना मान आहे आणि ज्याला तो हवाय, त्याचा मान मोडू नका. ज्याला जुनं काम नकोय, त्याच्यावर लादू नका. ज्यांना कधीच मान नव्हता त्या कातकरी वस्तीला विचारा, तुम्हाला काय करावंसं वाटतं. आणि बायांना नुसत्या नैवेद्याला ठेवू नका, जत्रेच्या बैठकीत बसवा. तिथं बोलायला लागलेली बाई ग्रामसभेत गप्प बसत नाही.

४) प्रत्येक वस्तीच्या देवाच्या, पिराच्या, स्मशानाच्या, दफनाच्या जागा नकाशावर घ्या. प्रत्येक जागेसाठी दुसऱ्या वस्तीतल्या एका वृद्धाची साक्ष लिहून घ्या, अंगठा घ्या. म्हातारी माणसं आहेत तोवर हे काम करून टाका.

५) मोबाईलवर धर्माच्या नावानं काही आलं की पुढं पाठवायच्या आधी चावडीवर विचारा. ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याच्या घरी जा, चहा प्या, मग बोला.

ज्या गावापासून सुरुवात केली, त्या गावात परत गेलो होतो. सरपंचबाई स्वतः मुलाण्याच्या घरी गेल्या. पोरं आधी फुगून होती. शेवटी पुजाऱ्यानंच सांगितलं, "बकरं मुलाण्याबिगर कापलं तर देव घेत न्हाई, असं माझा बाप सांगायचा." बौद्ध वस्तीनं वर्गणी दिली नाही आणि कुणी मागितलीही नाही. सभा शाळेत ठेवायचं ठरलंय. कातकरी वस्तीनं पुरायची जागा दाखवायला दोन माणसं दिलीत. दावा अजून मंजूर नाही, तालुक्याला जायचाय, तिथं काय काय अडतं ते पुढच्या अंकांत येईलच. पण पुढच्या सभेला नऊ माणसं कमी पडणार नाहीत, असं आता गाव म्हणतंय. आम्हीही मोजायला जाणार आहोत.

देव ज्याचा त्याचा, रान सगळ्यांचं!

— संपादक मंडळ